आपोआप बरी झालेली गाडी

हुबळीत दाजीबानपेठेच्या तोंडाशी झेंडूचे ढीग लागले, की मी हार घेणं होता होईल तेवढं लांबवते. बाकीच्यांना त्या वासानं दसरा आठवतो. मलाही आठवतो, पण एकच दसरा, आणि नेमका तोच मला नको असतो. हार निवडताना फूलवाली विचारते, "अक्का, गाडीला केवढा देऊ?" तेव्हा मी उगाच दुसरीकडे बघते. आमच्या हुबळी-धारवाडातून पाऊस एकदम जात नाही. नवरात्र बसलं तरी दुपारी आभाळ खाली येतं, सर पडून जाते आणि लगेच ऊन. त्या उन्हात कॉलनीतले लोक पाइप लावून गाड्या धुवायला काढतात. धुतलेल्या गाड्या अशा चमकतात, की त्यांना कधी काही झालं असेल असं वाटूच नये. मला धुतलेल्या गाडीची भीती वाटते.

आमचं घर जुन्या गाड्यांवर चालतं. माझ्या नवऱ्याचं, यशवंतचं, गोकुळ रोडला गॅरेज आहे. नव्या गाड्या तिथे फिरकत नाहीत. त्या काचेच्या शोरूममध्ये जातात आणि त्यांचे मालक तिथे कॉफी पीत बसतात. आमच्याकडे येतात त्या दुसऱ्या, तिसऱ्या हातातल्या, कुणाच्या तरी संसारातून निघून दुसऱ्याच्या संसारात शिरणाऱ्या. मी शाळेत मराठी शिकवते, पण इतकी वर्षं त्याच्यासोबत राहून माझी नजरही बिघडली आहे. पाहुणा फारच टापटिपीत आला, की हा काय झाकायला आलाय, असा विचार माझ्या मनात आधी येतो.

यशवंतला विद्यार्थी मिळाले असते तर तो माझ्यापेक्षा चांगला मास्तर झाला असता. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस चहाला आला, की याचा तास सुरू होतो. गाडी बघायला सकाळी जावं, इंजिन थंड असताना. आपण पोचायच्या आधीच विकणाऱ्यानं ती सुरू करून गरम केली असेल, तर समजावं की त्याला काहीतरी लपवायचंय. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघावा. आतल्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली, तर ती गाडी कधीतरी पुरात उभी होती. पायाखालचा गालिचा उचलून वाकून वास घ्यावा, लोक हसले तर हसू द्यावेत. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं दिसलं, तर आत पाणी गेलंय, तिथूनच नमस्कार करून परत फिरावं. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा, कारण बाहेरची कड सगळ्यांनाच दिसते. आणि घेतल्यावर सीटकव्हर, म्युझिक सिस्टीम, आरशाला लटकवायचा गणपती हे सगळं नंतर. आधी ब्रेक ऑइल बदलावं. लोक इंजिनचं ऑइल बदलतात, ब्रेकचं कुणालाच आठवत नाही.

हे सगळं तो हातवारे करत, अगदी रंगात येऊन सांगतो. फक्त एक गोष्ट सांगताना त्याचा आवाज खाली येतो. आवाज करणारी गाडी बरी, तो म्हणतो, ती आपल्याशी बोलायलीय. खडखडते, शिट्टी घालते, धूर सोडते, म्हणजे तिला काय दुखतंय ते सांगते. भ्यायचं ते एकदा अडून आपोआप बऱ्या झालेल्या गाडीला. मी पूर्वी यावर हसायची. आपोआप बरं होणं हे वाईट कसं असेल, असं मला वाटायचं. ताप आपोआप उतरतो, रुसलेलं माणूस आपोआप बोलायला लागतं, आणि आपण देवापुढे साखर ठेवतो.

त्या वर्षी पाऊस फार लांबला. घरात मिठाला पाणी सुटलं होतं, काडेपेटी पेटत नव्हती, कपाटातल्या चपलांवर बुरशी आली होती. गणपतीत आमची मुलगी मुक्ता कारवारहून आली. ती तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. यशवंतनं तिच्यासाठी एक छोटी जुनी गाडी स्वतः उभी केली होती, नटन्‌नट बघून. त्याच आठवड्यात माझ्या शाळेतल्या सुमित्रानं गाडी घेतली. सुमित्रा गणित शिकवते आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसते. तिचा नवरा श्रीधर सरकारी नोकरीत, दोघंही जपून राहणारी माणसं. ती गाडी यशवंतनंच शोधून दिली होती. मुक्ताची लाल आणि सुमित्राची पांढरी, दोन्ही गाड्या गॅरेजमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून एकदमच सर्व्हिसिंग होऊन निघाल्या. सुमित्रा शाळा सुटली की बघायला यायची आणि चप्पल बाहेर काढून आत बसायची. आम्ही तिला त्यावरून खूप चिडवलं.

गॅरेजमध्ये खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आदल्या दिवशी सगळे पाने, जॅक, हातोड्या डिझेलमध्ये धुऊन काढतात. सकाळी ते लाल कापडावर मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडू वाहतात. मग दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेलं लोखंड त्या दिवशी विश्रांती घेतं. यशवंतनं त्यात स्वतःची आणखी एक भर घातली होती. त्या दिवशी गॅरेजच्या आवारात वाईट बोलायचं नाही. अपघात, ब्रेक गेला, टायर फुटला, यातला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक झालं होतं. ज्याच्या गाडीत काही खुट्ट असेल तोसुद्धा त्या दिवशी हसत नारळ फोडायचा आणि परवा फोन करायचा.

त्या सकाळी सगळ्यात आधी आली ती पांढरी गाडी. सुमित्राचं माहेर अंकोल्याकडे. दसऱ्याला स्वतःच्या गाडीतून आईच्या दारात उतरायचं, एवढी तिची हौस होती. बसप्पा अण्णानं कोहळा ओवाळला. बसप्पा अण्णा यशवंतच्या वडिलांच्या वेळेपासून गॅरेजमध्ये आहे आणि ओवाळण्याचा मान त्याचा. कुंकू भरलेला कोहळा आपटून फुटला आणि लाल पाणी रस्त्याच्या उतारानं वाहायला लागलं. मग चाकांखाली लिंबं ठेवली. श्रीधरनं गाडी पुढे घेतली, तर एका चाकाखालचं लिंबू न फुटताच निसटलं आणि गडगडत गटारात गेलं. बसप्पा अण्णा दुसरं ठेवायला वाकला होता. तोवर गाडी फाटकाबाहेर गेलीही होती. सुमित्रा खिडकीतून हात हलवत होती आणि बॉनेटवरचा हार वाऱ्यानं फडफडत होता.

लिंबाचं मला काही वाटलं नाही. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे मी जरा ठसक्यातच सगळ्यांना सांगत असते. मी घाबरले ते नंतर. पूजेची गर्दी वाढत होती, मी आणि पूजेसाठी पुन्हा आलेली मुक्ता आत पायरीवर बसून हार ओवत होतो. दुपारी जेवण करून ती कारवारला परत निघणार होती, तिची रात्रपाळी होती. ओवता ओवता ती हळूच म्हणाली, "आई, अप्पांना आज सांगू नकोस हं. उद्या मीच फोन करून सांगते."

"काय ग?"

"गणपती करून परत जाताना आरबैलच्या घाटात पेडल पार खाली गेलं. पायाखाली काही नाहीच असं झालं बघ. गिअर टाकत टाकत, हँडब्रेक ओढत कशीतरी थांबवली."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. "आणि मग?"

"मग काही नाही. टपरीवर बसले बराच वेळ. परत जाऊन पाय ठेवून बघते तर नेहमीसारखं घट्ट. आपोआप बरं झालं. कारवारात सगळा सपाट रस्ता, परत एकदाही झालं नाही. येताना तर चढच होता."

तिचा आवाज अगदी साधा होता, इस्पितळात पेशंटचं सांगावं तसा. बाहेर यशवंत हातात नारळ घेऊन कुणाच्या तरी गाडीपुढे उभा होता. अंगावर कोरा सदरा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर वर्षातून एकदाच दिसणारा निवांतपणा. चारचौघांत, पूजेच्या मध्ये, तो शब्द काढायचा म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी उठले आणि त्याच्याजवळ गेले.

"अहो, ऐका. मुक्ताच्या गाडीचा ब्रेक गेला होता घाटात."

त्यानं डोळे मोठे केले. "आजच्या दिवशी काय बोलायलीस तू? उद्या बघू या ना."

"ती आज उतरणार आहे घाट."

"गाडी आज जाणार नाही. ती बसनं जाईल. झालं?" आणि तो नारळ वर उचलणार, तेवढ्यात मुक्ता मागून म्हणाली, "अप्पा, पण थोडं थांबल्यावर आपोआप बरा झाला."

यशवंतचा हात वरच्या वर थांबला. मी त्याला इतकी वर्षं बघतेय, पण रंग उतरलेला त्याचा तो चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. त्यानं नारळ जवळच्या माणसाच्या हातात दिला, तो माणूस बावचळून बघत राहिला, आणि हा आत गेला. कपाटाच्या खालच्या फळीवर ब्रेक ऑइलचा एक उघडलेला डबा होता. त्याच्या शेजारी दुसरा, नवा, सील न फोडलेला. यशवंतनं उघडा डबा उचलला, झाकण फिरवलं. ते नुसतंच टेकवलेलं होतं. थोडं ऑइल त्यानं काचेच्या ग्लासात ओतलं आणि उजेडाकडे धरलं. रंग अगदी स्वच्छ, पिवळसर. बघणाऱ्याला काहीही दिसलं नसतं.

नंतर त्यानं मला समजावून सांगितलं, आणि आता मी ते झोपेतही सांगू शकेन. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डबा उघडा राहिला तर मुकाट्यानं पीत राहतं, आणि वरून काही कळत नाही. सपाट रस्त्यावर अशी गाडी वर्षभर चालेल. घाटात मात्र उतरताना ब्रेक तापतात, ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि आपण पेडल दाबतो ते त्या वाफेवर. वाफ दबते, गाडी थांबत नाही. जरा वेळ उभं राहिलं की वाफेचं पुन्हा पाणी होतं. पेडल घट्ट लागतं. गाडी बरी होते.

तो डबा पावसाळ्याच्या आधी उघडलेला होता आणि सगळा पावसाळा त्या ओल्या फळीवर बसून होता. नवा डबा शेजारी असताना तो का वापरला, असं कुणीही विचारेल. मला विचारायची गरज नव्हती. आमच्या घराची शिस्तच ती. उघडलेलं आधी संपवायचं, मग नवं फोडायचं. जुने तांदूळ आधी, अर्धी साबणाची वडी आधी, कालची भाजी आधी. नवं फोडलं आणि जुनं उरलं, तर आमच्याकडे ते पाप. यशवंत गिऱ्हाइकाला लाख उपदेश करो, हात मात्र घरातल्या वळणानंच उघड्या डब्याकडे गेला.

मी म्हटलं, "जाऊ दे, कळलं ते बरं झालं. मुक्ता काही गाडी घेऊन जात नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सुमित्राच्या गाडीत पण हेच घातलंय," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. अंकोल्याचा रस्ताही त्याच घाटातून उतरतो, आणि पांढरी गाडी केव्हाच कलघटगीच्या पुढे गेली असणार. मी सुमित्राचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मला दिसत होतं, पर्स मागच्या सीटवर, तिच्यावर साडीचं पुडकं, त्यावर आईसाठी घेतलेले पेढे, आणि पुढे दोघं गाणी ऐकत बसलेली. श्रीधरचा फोन लागला आणि उचलला गेला नाही. चालवताना तो फोन घेत नाही, इतका तो जपून वागणारा. मी लिहून पाठवलं, घाट उतरू नका, जिथे असाल तिथे थांबा. काही वेळानं दोन्ही फोन लागायचेच बंद झाले. यल्लापूरच्या पुढे रानात फोन लागत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

यशवंत पूजेपाशी गेला. झेंडू बाजूला सारून त्यानं पाने उचलायला सुरुवात केली. बसप्पा अण्णा धावत आला, "ब्याडरी, इवत्तु मुट्टबारदु!" आज शिवायचं नाही, शिवायचं नाही, असं म्हणत त्यानं यशवंतचं मनगट धरलं. यशवंत दुसऱ्या हातानं पाने उचलत राहिला. पान्यावरचं ओलं कुंकू त्याच्या कोऱ्या सदऱ्याला लागलं होतं. बसप्पा अण्णानं एकदा पूजेकडे पाहिलं, एकदा त्या सदऱ्याकडे, आणि मनगट सोडून तो स्वतःच गॅरेजच्या जीपमध्ये जाऊन बसला. नवा डबा घेऊन ते दोघं गेले. मी आणि मुक्ता उरलेल्या गाड्यांना कुंकू लावत राहिलो. लोक येत होते, हसत होते, आणि मला कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

कलघटगीच्या रस्त्यावर त्या दिवसांत मका वाळत घातलेला असतो, अर्धा रस्ता पिवळा. हार घातलेल्या गाड्या त्यावरून सुळकन जातात. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला खाली उतरणारी वळणं.

यशवंतला गाडी सापडली ती घाटाच्या खालच्या अंगाला. श्रीधरनं ती दरीकडे न सोडता डोंगराच्या बाजूला घातली होती. एवढं त्याला सुचलं. गाडी गटारात तिरकी रुतलेली, पुढचं एक दार आत दबलेलं, आणि बॉनेटवर हार जसाच्या तसा. लोकांनी दोघांना बाहेर काढून सावलीत बसवलं होतं. श्रीधरला खरचटलं होतं. सुमित्राचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. यशवंत सांगतो, की त्यानं जाऊन आधी ब्रेकवर पाय ठेवून बघितला. पेडल घट्ट होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. हुबळीच्या इस्पितळात सुमित्राच्या खाटेभोवती शाळेतली माणसं जमली होती. आमच्याकडे त्या दिवशी एकमेकांच्या हातात आपट्याऐवजी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात, सोन्यासारखं राहू या म्हणतात. खिडकीत त्या पानांचा ढीग झाला होता. जो तो तेच बोलत होता. लिंबू फुटलं नव्हतं ना, तेव्हाच कळायला हवं होतं. दृष्टच लागली, नवी गाडी, सगळ्यांच्या डोळ्यांत आलेली. यशवंत कोपऱ्यात उभा होता. तो गप्प राहिला असता तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. तो पुढे आला आणि म्हणाला, "श्रीधर, लिंबाचं काही नाही. ब्रेक ऑइल खराब होतं. मी घातलेलं. चूक माझी."

मला वाटलं, आता सुमित्रा ओरडेल, श्रीधर उठून यशवंतची गचांडी धरेल, आणि खरं सांगते, तसं व्हावं असं मला वाटत होतं. श्रीधरनं खिडकीतली दोन पानं उचलून यशवंतच्या हातात दिली. "सणाच्या दिवशी असं वाईट बोलू नये अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही निवडलेली मजबूत गाडी होती म्हणून आम्ही वाचलो." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी पेढे फिरवले.

नंतर दोन-तीनदा त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, तांत्रिक सगळं, वाफेसकट. सुमित्रा शांतपणे ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. ती भली माणसं आहेत, आणि भल्या माणसांपुढे यशवंतचं काही चालत नाही. मला कधीकधी त्यांच्या या भलेपणाचाच राग येतो. गॅरेजमध्ये आता उघडा डबा ठेवत नाहीत, उरलं की त्याच दिवशी बाजूला काढून टाकतात. घरात मी अर्धवट जुनं टाकून नवं फोडायला शिकले, आणि प्रत्येक वेळी हात अडखळतो. यशवंतचे तास मात्र बंद झाले. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस चहाला येतो, चहा पितो, आणि जातो.

मुक्ता आता घाटात पहिल्या उतारालाच गिअर खाली टाकते आणि ब्रेकला विसावा देते, हे ती मला फोनवर न विचारता सांगते. पण फोन येईपर्यंतचा वेळ माझा असतो. त्या वेळात मला रस्त्यावरची प्रत्येक गाडी बरी झालेली वाटते.

पांढरी गाडी दुरुस्त होऊन परत उभी राहिली. सुमित्रा थोडी लंगडते. इतके दिवस ती दोघं गावातल्या गावातच फिरायची. आज, यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, ती गॅरेजमध्ये आली. मी तिथेच होते, पाने पुसत होते.

"अण्णा, उद्या सकाळी अंकोल्याला निघायलोय," ती म्हणाली. "आई फार थकलीय. घाट उतरायचाय, म्हणून म्हटलं गाडी तुमच्याकडे ठेवावी."

"चाकं खोलून सगळं बघतो," यशवंत घाईघाईनं म्हणाला. "ऑइल तुझ्यासमोर नवीन फोडतो. थांब तू. बघून जा."

सुमित्रा हसली. "मी काय बघणार? आणि वेळ नसला तर नाही बघितलंत तरी चालेल. तुमचा हात लागलेली गाडी आहे, आम्हाला कसली भीती?"

तिनं किल्ली पुढे केली. यशवंतनं हात पसरला. ती किल्ली तळहातावर ठेवून फाटकाकडे चालू लागली, आणि त्याला मूठ मिटता येईना.